स्टॉपपर्यंत पोचवते

मुलानं मला बजावलं होतं, बसमध्ये ओळख दाखवायची नाही. तो माझ्यामागून चढणार, शेवटच्या सीटवर बसणार, आणि मी त्याला जन्मात पाहिलेलं नाही असं वागायचं. ही रंगीत तालीम होती. मी एकटीनं बसनं तासाभरावरच्या वेस्टन गावाला जाऊन परत येऊ शकते की नाही, हे त्याला आधी ब्रिस्टलमधल्या ब्रिस्टलमध्येच बघायचं होतं.

दोन स्टॉप मी अगदी ठरल्याप्रमाणे वागले. खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या स्टॉपला दार उघडलं, गार वारा आत आला, आणि मी सहज मागं वळून पाहिलं तर याच्या जॅकेटची चेन उघडी. आठवड्यापूर्वीच खोकून खोकून बेजार झाला होता.

"अरे, चेन लाव ना! परत छातीत बसेल."

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. त्यानं मान खाली घालून चेन लावली. मग मला वाटलं, ओळख आता निघालीच आहे, तर उपाशी तरी कशाला ठेवा. मी डबा काढला, सीटा धरत धरत मागं गेले आणि त्याच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला. शेजारी एक गोऱ्या आजीबाई बसल्या होत्या, त्यांनाही दिला. एकाला देऊन दुसऱ्याला तसंच बसवायचं, हे मला जमत नाही.

घरी आल्यावर निकाल लागला. "नापास," मुलगा म्हणाला. "आई, तू एकटी होतीस. मी तिथं नव्हतोच."

"नव्हतास कसा? लाडू कुणी खाल्ला मग?"

सूनबाई ओट्याशी उभी होती. तिनं पटकन नळ सोडला, म्हणजे हसू ऐकू येऊ नये.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगते.

मी ब्रिस्टलला आले ती मालक गेल्यानंतर. त्याआधी सगळा जन्म पिंपरीत गेला, त्यातली बरीच वर्षं बल्ब खोक्यात भरण्यात. इंग्रजीची आणि माझी ओळख पाचवीत झाली आणि सातवीत ताटातूट झाली, कारण सातवीत वडील गेले आणि धाकट्या भावंडांना बघायला घरात मोठी मीच होते. त्यामुळे इथं आल्यापासून मला सारखं वाटतं, आपल्या हातून काही तरी चुकणार, आणि कुणी तरी साहेब येऊन विचारणार, "बाई, तुम्हाला इथं कुणी बोलावलं?" अजून कुणी विचारलेलं नाही. उलट वय झालं म्हणून कौन्सिलनं मला बसचा पास दिला. सकाळची गर्दी ओसरली की इंग्लंडभर कुठल्याही बसमध्ये बसा, फुकट. मी असं काय केलं होतं या देशासाठी? पासावरच्या फोटोत माझा चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा आला आहे. तो पास मी यंत्राला दोन्ही हातांनी लावते. यंत्र टुंग वाजलं की मान आपोआप खाली जाते. मागचे लोक खोळंबतात, पण उपकार मानायला तेवढा वेळ लागतोच.

पण पास मिळाल्यावर वर्षाच्या आतच माझं एकटीनं फिरणं बंद झालं होतं. गेल्याच्या आदल्या थंडीत मी वाचनालयात निघाले होते. तिथं नुसतं उबेला बसलं तरी कुणी उठवत नाही. बसमध्ये माझ्या हातून घंटा लवकर दाबली गेली. बस थांबली, दार उघडलं, ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायला लागला. तो माझा स्टॉप नव्हता. पण एवढी मोठी बस, आत इतकी माणसं, सगळी माझ्यासाठी थांबलेली. आता "मला उतरायचं नाही" म्हणणं बरं दिसतं का? मी उतरले. दारातून एकदा थँक्यू म्हटलं, फुटपाथवरून परत एकदा म्हटलं. बस गेल्यावर बघते तर एका बाजूला मोकळं मैदान, दुसऱ्या बाजूला दवाखाना, आणि वरून पाऊस. मुलगा ऑफिसातली मीटिंग सोडून शोधत आला, तेव्हा मी त्या दवाखान्यात बसले होते. तो कुत्र्यामांजरांचा होता. काउंटरवरच्या मुलीनं मला चहा दिला होता आणि तुमचं कुत्रं कुठं आहे, असं फार मायेनं विचारलं होतं.

त्यावर घरात कुणी रागावलं नाही. नुसतं "मी सोडतो ना, आई" सुरू झालं. हे रागावण्यापेक्षा वाईट.

तरी चाललं होतं, कारण माझी एक मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिची नि माझी ओळख भेंडीवरून झाली. आमच्या रस्त्यावरच्या भाजीच्या दुकानात मी भेंडीचं टोक मोडून बघत होते. क्रेटच्या पलीकडून आणखी एक हात टोकं मोडत होता. दुकानदार ओरडला, "आंटी, प्लीज, डोन्ट ब्रेक!" आम्ही दोघींनी एकदम हात मागं घेतले. ती माझ्याकडे न बघताच पुटपुटली, "सारी जून आहे बाप्पा." मराठीत! मला तर तिथंच रडू यायचं राहिलं. ती नागपूरची, लेकीकडे राहायला आलेली, माझ्यासारखीच एकटी. आमच्या घरात तिला तेव्हापासून भेंडीमावशी म्हणतात. मुलानं माझ्या फोनमध्ये तिच्या नंबरापुढे भेंडीचं चित्र टाकून दिलं होतं.

मग तिच्या लेकीनं वेस्टनला घर घेतलं, समुद्राकाठी. ब्रिस्टलहून बसनं तासाभराची वाट. पहिले काही महिने फोन चालू होते. ज्या बाईला "ठेवते आता" म्हटल्यावर ठेवायला अर्धा तास लागायचा, तिचं बोलणं हळूहळू आटायला लागलं. "बरं आहे," म्हणायची आणि गप्प. एक दिवस म्हणाली, "दिवसभर घरात कोणीच नसते वं. परवा मी कुकरशी बोलून राहिली होती. म्हटलं, झाली न तुझी तिसरी शिट्टी, आता चूप बस." मी हसले. ती हसली नाही.

त्याच संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, "मला महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचंय. बसनं. एकटीनं."

मुलगा विमानाच्या पंखांचं काही तरी करतो. एखादा स्क्रू हलला तर पुढं काय काय होईल, याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो. त्यानं दोन दिवस विचार केला आणि अट घातली. "एकदा जाऊन दाखव. नीट जायचं, नीट यायचं आणि पाचच्या आत घरात. जमलं तर दर महिन्याला जा, मी विचारणारसुद्धा नाही. नाही जमलं तर मी नेईन तुला, वेळ मिळेल तसा."

वेळ मिळेल तसा म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मागच्या वेळी वेळ मिळाला होता तेव्हा दिवाळी होती, आणि आता मे महिना चालू होता.

पहिल्या तालमीत मी नापास झाले ते आधी सांगितलंच. दुसरीत पास झाले, कारण मुलाच्या जागी सूनबाई आली होती आणि ती माझ्या पुढच्या सीटवर माझ्याकडे पाठ करून बसली. पाठीला लाडू देता येत नाही. उतरताना ड्रायव्हरला काय म्हणायचं तेही तिनंच शिकवलं. इथं नुसतं थँक्यू म्हणत नाहीत, "चिअर्स, ड्राइव्ह!" म्हणतात. शाळेतली पोरं म्हणतात, काठीवाले आजोबा म्हणतात. मी घोकून गेले आणि म्हटलं. ड्रायव्हर म्हणाला, "चिअर्स, माय लव्हर."

घरी येईपर्यंत मी कुणाला बोलले नाही. मग सूनबाईला बाजूला घेऊन हळूच सांगितलं.

"आई, इथं सगळ्यांनाच म्हणतात तसं," ती म्हणाली.

"सगळ्यांना?"

"ह्यालाही म्हणतात," तिनं मुलाकडे बोट दाखवलं. "तोही पहिल्यांदा असाच लाल झाला होता."

तयारी सुरू झाली. मुलानं एक कागद छापला आणि वर प्लॅस्टिक चढवलं. त्यावर स्टॉपचे फोटो होते, बाण होते, परतीच्या अडीचच्या बसवर पिवळी रेघ मारलेली होती. खाली लाल रंगात नुसते "जर" होते. जर बस आली नाही. जर बस आली पण भरलेली असली. जर झोप लागली. जर ड्रायव्हरनं अर्ध्या वाटेत सगळ्यांना उतरवलं. यातलं निम्मं मला सुचलंच नव्हतं, आणि असं काही मला सुचत नाही हे सहसा होत नाही.

"आई, तुम्ही ते राहू द्या," सूनबाई म्हणाली. "दोनच गोष्टी लक्षात ठेवा. बसवर पहिलं अक्षर उलट्या एमसारखं असलं की ती आपली. आणि समुद्र दिसला की उतरा."

हे मला पटलं. फोनमध्ये मुलानं काही तरी बसवलं, त्यामुळे मी जिथं जाईन तिथला निळा ठिपका त्याच्या फोनवर दिसणार होता, आणि त्याचा माझ्या. "तुला काही करायचं नाही," तो म्हणाला. "नुसतं फिर. मी बघतोय." देवाबद्दल लहानपणी असंच सांगायचे.

मग पिशवीवरून भांडण झालं. मी लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले, लोणचं, आणि कोवळी भेंडी एवढंच घेतलं होतं. भेंडी एकेक टोक मोडून पारखलेली. दुकानदारानं या वेळी मान फिरवली होती.

"आई, तू एका दिवसासाठी चाललीयस."

"म्हणून तर कमी घेतलंय."

बुधवारी मी निघाले. गावातली बस घेतली, मोठ्या बसस्थानकावर उतरले, उलटा एम शोधला, चढले. पास दोन्ही हातांनी लावला. ड्रायव्हर "ऑल राइट, माय लव्ह?" म्हणाला, त्यानंही आता काही वाटलं नाही. फोन मी आवाज बंद करून पिशवीत ठेवला, कारण बसमध्ये आपला फोन केकाटणं चांगलं नाही. वाटेत हिरवी शेतं लागली, मेंढ्या लागल्या, आणि मला एकदम इतकं सुख झालं की भीतीच वाटली. इतकं नीट चाललंय म्हणजे मी चुकीच्या बसमध्ये आहे की काय?

तासाभरानं घरं लागली, हॉटेलं लागली, आइसक्रीमच्या गाड्या लागल्या. एकेक जण उतरायला लागला. मी उतरले नाही. मी समुद्राची वाट बघत होते. एका बाजूला नुसता चिखल होता, लांबच लांब, आभाळापर्यंत, आणि त्यात एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता. समुद्र कुठंही नव्हता. बस एका स्टॉपला थांबली, तशी कुणी तरी बाहेरून काच बडवायला लागलं. बघते तर मैत्रीण!

"उतर न वं! काऊन बसून राहिली?"

"समुद्र दिसला की उतरायचंय मला!"

"समुद्र गेला बाहेर! संध्याकाळी येते तो! तू उतर!"

मी धडपडत उतरले. ड्रायव्हरला चिअर्स म्हणायचं राहिलं, म्हणून बस हलेपर्यंत फुटपाथवरून म्हटलं. वेस्टनचा समुद्र असाच आहे, दिवसातून दोनदा कुठं तरी लांब निघून जातो आणि मागं चिखल ठेवून जातो. मैत्रिणीला त्याचा राग होता. "लेकीनं समुद्र दाखवून घर घेतलं," ती म्हणाली, "अन् मी खिडकीशी बसली की हा घरात नसते."

ती स्टॉपवर माझ्या आधीच्या दोन बसपासून उभी होती. वाळली होती. पण घरी जाईपर्यंत तिचा नळ सुटला. जावयाची घोरण्याची पद्धत, शेजारणीची मांजर, इथल्या ज्वारीच्या पिठाला चव कशी नाही, गुडघा, लेकीचं ऑफिस, परत गुडघा. मी आणलेली भेंडी तिनं हातात घेतली, एक टोक मोडलं, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हं." एवढीच दाद. आम्ही भाकरी केली, भेंडी परतली, जेवलो, भांडी घासली, आणि तोंडं एकदाही बंद झाली नाहीत. मधेच तिनं कुकरकडे बघून सांगितलं, "आज तुझं काही काम नाही." या वेळी आम्ही दोघी हसलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

अडीचच्या बसला मी वेळेवर निघाले, हे मला स्पष्ट सांगायचंय. तोवर माझं काहीही चुकलेलं नव्हतं.

"स्टॉपपर्यंत पोचवते," ती म्हणाली आणि घरातल्या सपाता घालूनच निघाली. तिचा फोन चार्जिंगला लावलेला, तो तिथंच राहिला. अंगावरच्या कोटाच्या खिशात किल्ली आणि पास होता. बस आली. मी "येते" म्हटलं, ती "ये" म्हणाली. मी चढले, खिडकीशी बसले, आणि बघते तर ती माझ्या मागोमाग आत.

"अगं, तू कुठं?"

"ही बस त्या वळणावर लगेच दिसेनाशी होते. पाहुणं दिसेनासं होईस्तोवर उभं राहायचं, तर इथं दोन मिनिटंही उभं राहायला भेटत नाही. वळणापर्यंत येते तुला."

यात मला काही वावगं दिसलं नाही. पाहुण्याला पोचवायला जायचं तर वेशीपर्यंत जायचं. वेस्टनला वेस नाही, तो काही तिचा दोष नव्हे.

वळणापुढच्या स्टॉपला ती उतरायला उठली. बाहेर मोठा रस्ता, गाड्यांची रीघ, आणि पलीकडे जाऊन तिला उलटी बस धरायची होती. त्या गुडघ्यानं! मी तिला एकटीला कशी सोडणार? मी पण उतरले. हात धरून तिला पलीकडे नेलं. बस आली, तिला चढवलं. ती वर गेल्यावर म्हणाली, "तू एवढी आली तर घरापर्यंत चल न, पिशवीत लोणच्याची बरणी तशीच राहिली तुझी." बरणी खरंच माझ्याकडेच राहिली होती. चढले.

तिच्या स्टॉपला उतरलो. बरणी दिली. आता मी एकटी बसची वाट बघत उभी राहणार आणि ती घरी जाणार, असं ठरलं. ती चार पावलं गेली आणि परत आली.

"तू मला पोचवायला एवढी आली, अन् मी तुला असंच जाऊ देऊ? मला काही शोभते का?"

बस पुढच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली, म्हणजे मघाचाच ड्रायव्हर. त्यानं आम्हाला बघितलं, लोणच्याच्या बरणीकडे बघितलं.

"कमिंग ऑर गोइंग, माय लव्हर्स?"

ते आम्हालाही सांगता आलं नसतं. पास लावला, यंत्र टुंग वाजलं. खरं तर या यंत्रानंच घात केला. दर खेपेला तिकिटाचे पैसे पडले असते, तर वळणावरच शहाणपण आलं असतं. फुकट म्हटल्यावर माणसाचा निरोप संपत नाही. आणखी एकदा मी तिला पोचवलं, मग तिनं मला. त्या वेळी तिनं जावयाच्या धाकट्या भावाच्या लग्नाची गोष्ट काढली. ती गोष्ट वळणापर्यंत मावणारी नव्हती. मुलीकडच्यांनी काय मागितलं, हॉल कुणी ठरवला, जेवणात वरण का कमी पडलं. मेंढ्या गेल्या, शेतं गेली. नवरा मुलगा बोहल्यावर उभा राहायला आणि मला खिडकीतून दरीवरचा झुलता पूल दिसायला एकच गाठ पडली.

तो पूल वेस्टनला नाही. तो ब्रिस्टलला आहे.

"अवं," मैत्रीण म्हणाली, "हा पूल मी पाहिलाय कुठं तरी."

बसस्थानकावर मुलगा उभा होता. फोन कानाला, तोंड पांढरं. घड्याळात पाच केव्हाच होऊन गेले होते. आधी मी उतरले. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मग माझ्यामागून सपाता उतरल्या, मग कोट, मग लोणच्याची बरणी. त्याचा जीव भांड्यातून परत बाहेर आला.

"मावशी? तुम्ही?"

"हिला पोचवायला आली."

त्याच्या हातून फोन पडता पडता राहिला. मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. माझा ठिपका दुपारपासून वेस्टनच्या त्या रस्त्यावर मागंपुढं, मागंपुढं करत होता. आधी त्याला वाटलं फोन बिघडला. मग वाटलं फोन चोरीला गेला आणि चोर येरझाऱ्या घालतोय. मग वाटलं मीच हरवलेय आणि लाजेनं कुणाला विचारत नाही. हे शेवटचं मात्र त्यानं मला बरोबर ओळखलं होतं. त्यानं फोनवर फोन केले होते. ते सगळे ठेपल्यांच्या रिकाम्या डब्याखाली मुक्यानं वाजून गेले होते. तिकडे मैत्रिणीची लेक घरी आली तर दार बंद, फोन चार्जिंगला आणि आई गायब. तीही त्याला फोन करत होती.

घरी आलो. सूनबाईनं न विचारता चहा टाकला. मी खुर्चीच्या कडेला बसले. माझ्या डोळ्यांपुढे ती "वेळ मिळेल तसा"ची दिवाळी दिसायला लागली. मला माझं एवढं नव्हतं. मला ती खिडकीशी बसलेली दिसत होती, समोर चिखल, आणि स्वयंपाकघरात कुकर.

"आई," मुलगा म्हणाला, "आता मी काय बोलू? नीट जायचं, नीट यायचं, पाचच्या आत."

"हिचं काही चुकलं नाही रे," मैत्रीण म्हणाली. "ही अडीचला बसमध्ये बसली होती. मीच चढली."

"पण का मावशी? स्टॉपवर टाटा केला की झालं ना!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा शिकलेला मुलगा, आणि हे कसं विचारतो. "टाटा करून घरात जाऊन काय करू मी?" ती म्हणाली.

चहा उतू गेला.

मग तिच्या लेकीचा फोन आला. सूनबाईनं तो स्पीकरवर टाकला. आम्हाला वाटलं आता ती रागावणार. मैत्रीण सपातांकडे बघत बसली. लेक आधी खूप वेळ "आई, अगं आई" एवढंच म्हणाली. मग मैत्रिणीनं तिला बस, वळण, बरणी, पूल, ड्रायव्हर, सगळं रंगवून सांगायला घेतलं. सांगता सांगता उभी राहिली, ड्रायव्हर मान कशी वळवतो तेही करून दाखवलं, जसं काही फोनमधून दिसतं. तिकडून हसण्याचा आवाज आला, आणि मग हसणं एकदम थांबलं.

"दादा," लेक माझ्या मुलाला म्हणाली, "आई इतकं बोललेली मी कित्येक महिन्यांत ऐकली नाही. आज राहू दे का तिला तुमच्याकडे?"

मुलानं कप खाली ठेवला. "राहू दे ना," म्हणाला. "त्यात काय विचारायचं."

माझ्या निकालाबद्दल मात्र तो काही बोलला नाही. जेवतानाही नाही. मीही विचारलं नाही. निकाल विचारायला गेलं की नापासच निघतो, हे मला सातवीपर्यंतच्या शाळेत कळलं होतं.

सकाळी आम्ही तिला बसस्थानकावर सोडायला गेलो. मुलाचं काम त्या दिवशी घरूनच होतं, म्हणून तोही आला. वाटेत त्यानं नवा नियम सांगितला. "निरोप फुटपाथवर. पोचवणाऱ्यानं बसमध्ये पाय ठेवायचा नाही. कुणीही असो."

"कुणीही असो," आम्ही दोघींनी मान डोलावली.

बस आली. मैत्रीण चढली, पास लावला. आम्ही तिला दिलेल्या पिशवीत आता सूनबाईनं दिलेलं आणि मी दिलेलं असं दुप्पट सामान होतं, पाहुण्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतं म्हणून. पिशवी तिला उचलेना. मी नियम पाळून फुटपाथवर उभी होते, पाय शिवशिवत होते तरी. मुलगा म्हणाला, "थांबा मावशी, मी ठेवतो," आणि पटकन वर गेला. पिशवी ठेवली. मग वाकून तिला कुठं उतरायचं ते सांगायला लागला. मग ड्रायव्हरकडे जाऊन मावशींना अमुक स्टॉपला उतरवा, असं सांगायला लागला. मग मैत्रिणीनं काही तरी विचारलं म्हणून परत आत गेला.

दार मिटलं आणि बस निघाली.

खिडकीत मला मुलाचं तोंड दिसलं. मी हात हलवला. बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले, पद्धतीप्रमाणे. मग फोन वाजला. आता मी आवाज चालू ठेवायला शिकले होते.

"आई, पुढच्या स्टॉपला उतरून येतो."

"ये सावकाश."

मी बाकावर बसले आणि फोनवर त्याचा निळा ठिपका काढला. सूनबाईनं शिकवलं होतं. ठिपका पहिल्या स्टॉपला आला आणि पुढं गेला. दुसऱ्याला आला आणि पुढं गेला. मी माझ्या पिशवीतल्या डब्यातला एक लाडू खाल्ला. ठिपका झुलत्या पुलापाशी गेला, शेतांकडे वळला, आणि मग बऱ्याच वेळानं एका गावात थांबून परत यायला लागला.

तो आला तेव्हा मी काही विचारलं नाही. तो माझ्या शेजारी बसला, पाय लांब केले.

"त्या लग्नाचं सांगत होत्या," तो म्हणाला. "वरण कमी पडलं त्याचं. मध्येच उठून कसं जायचं?"

"खरंय," मी म्हटलं.

आम्ही आमच्या बसकडे चालायला लागलो. स्टॉपवर त्यानं फोनमध्ये पुढचा महिना उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला बुधवारच बरा पडेल ना?"

बोचरा वारा सुटला होता आणि त्याच्या जॅकेटची चेन पार उघडी होती. मी ती बघितली, दोन्ही हात पिशवीवर घट्ट धरले, आणि म्हटलं, "बुधवार चालेल."